समोर आहे, पण सापडत नाही

एक अक्षर खोटं बोलायचं नाही आणि खरं काय ते शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, ही विद्या डॉटनेटला पूर्ण साधली आहे. पटत नसेल तर कुठल्याही डॉटनेटवाल्याला झोपेतून उठवा आणि ‘कुड नॉट लोड’ एवढंच म्हणा. तो डोळे न उघडता पुढचं म्हणून दाखवील : ‘फाइल ऑर असेंब्ली’, मग कुठल्याशा डीएलएलचं लांबलचक नाव, त्यामागे व्हर्जन, कल्चर आणि सोळा अक्षरी पब्लिक की टोकन, आणि सगळ्यात शेवटी ते अजरामर शेपूट, ‘ऑर वन ऑफ इट्स डिपेन्डन्सीज’. म्हणजे ही फाइल मिळाली नाही. किंवा ही मिळाली, पण हिला जे कोण कोण लागतं त्यातलं कुणीतरी मिळालं नाही. कोण मिळालं नाही? ते सांगायची पद्धत नाही.

प्रोग्राम चालवताना हा निरोप आला तर माणूस एक वेळ समजून घेतो. पण या निरोपाचं आवडतं ठिकाण म्हणजे युनिट टेस्ट. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, युनिट टेस्ट म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासायला आपणच लिहिलेला दुसरा छोटा प्रोग्राम. बरोबर निघालं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. आणि या निरोपात अडकणारा ड्रायव्हर म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस या दोघांचीही बोली जाणणारा, पण स्वतः वेगळ्या फाइलमध्ये राहणारा. आता गंमत अशी, की मूळ प्रोग्राम उत्तम चालत असतो. लॉगिन होतं, यादी येते, रिपोर्ट छापला जातो, क्लायंट खूश असतो. आणि त्याच मशीनवर, त्याच खुर्चीत बसून टेस्ट चालवल्या की वरपासून खालपर्यंत लालच लाल. त्यातली एकही टेस्ट प्रत्यक्ष काही तपासण्यापर्यंत पोचलेली नसते. बेरीज चुकली, तारीख उलटी पडली, असलं काही घडलेलंच नसतं. ड्रायव्हर आलेला नसतो.

त्यातून डेटाबेस एसक्यूलाइट असला तर या प्रकाराला थोडा इतिहासही आहे. टेस्टसाठी लोक एसक्यूलाइट घेतात, कारण त्याला सर्व्हर लागत नाही. सगळा डेटाबेस मेमरीत उभा करता येतो आणि कनेक्शन मिटलं की मागमूस न ठेवता नाहीसाही होतो. हा डेटाबेस रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली बाहेर आणला. ते त्या वेळी अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. त्या सॉफ्टवेअरला इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस सर्व्हर लागे. सर्व्हर बंद पडला की यांच्या खिडकीत ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा निरोप झळके. दोष सर्व्हरचा, पण खिडकी यांची, म्हणून बोलणी यांना. तेव्हा त्यांनी ठरवलं, की सर्व्हरच नको. सरळ फाइल वाचणारा डेटाबेस लिहू, म्हणजे असला निरोप दाखवायची वेळच येणार नाही. आज आपल्या सगळ्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये एसक्यूलाइट आहे. आणि हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात ‘अनेबल टु लोड डीएलएल एसक्यूलाइट डॉट इंटरॉप डॉट डीएलएल’ या निरोपाकडे बघत बसलेली माणसं आहेत. विनाशिकेवरची पीडा टळली ती इकडे आली.

डॉटनेटसाठीचा हा ड्रायव्हर बहुतेक वेळा दोन तुकड्यांत येतो. एक तुकडा डॉटनेटच्या भाषेतला. त्याला डॉटनेट ओळखतं आणि प्रोजेक्ट जाईल तिथे त्याची प्रत आपणहून नेतं. दुसरा तुकडा सी भाषेतला, खरं काम करणारा. ती ही इंटरॉप. हिला डॉटनेट ओळखत नाही. ती ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ अशा दोन फोल्डरांत, एकाच नावाने, दोन वेगवेगळ्या रूपांत राहते आणि कुणी नेलं तरच जाते. त्यात टेस्ट चालवणाऱ्या जुन्या एमएसटेस्टची सवय अशी, की टेस्ट जिथल्या तिथे घ्यायची नाहीच. आधी ‘टेस्टरिझल्ट्स’ नावाचा फोल्डर काढायचा. त्याच्या आत तुमचं नाव, मशीनचं नाव, तारीख आणि वेळ मिळून बनलेला दुसरा फोल्डर, त्याच्याही पोटात ‘आउट’, आणि ओळखीच्या सगळ्या फाइली तिकडे हलवून मग टेस्ट. इंटरॉप अर्थातच जुन्या जागी. तिलाही न्यायचं असेल तर टेस्टच्या डोक्यावर ‘डिप्लॉयमेंटआयटेम’ असं लिहून तसं स्पष्ट कळवावं लागतं. ही गोष्ट ज्याला माहीत असते तो नेमका त्या दिवशी वर्क फ्रॉम होम असतो.

मग कुणीतरी शहाणा ती फाइल स्वतः उचलून योग्य जागी नेऊन ठेवतो आणि टेस्ट चालवतो. निरोप तोच. इंटरॉप सापडत नाही. आता फोल्डर उघडा आहे, फाइल समोर आहे, स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता येतेय, आणि विंडोज शांतपणे म्हणतंय, ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’. अशा वेळी चांगली शिकलेली माणसं काय काय करतात ते बघण्यासारखं असतं. फाइलचं नाव अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचतात. फाइल डिलीट करतात आणि तीच परत ठेवतात. फोल्डरचा स्क्रीनशॉट काढून, फाइलभोवती लाल गोल करून तो टीमच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, ‘ही काय आहे मग?’ जसं काही विंडोज त्या ग्रुपमध्ये आहे. खरा प्रकार बऱ्याचदा असा असतो, की इंटरॉप जागेवर आहे, पण तिला स्वतःला व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम लागतं आणि ते या मशीनवर कुणी बसवलेलंच नाही. विंडोज त्या रनटाइमचं नाव काढत नाही. जी आली तिच्याच नावापुढे ‘आली नाही’ अशी नोंद करून मोकळं होतं.

माझं तरी निरीक्षण असं आहे, की ड्रायव्हरच्या भानगडीत तक्रार नेहमी हजर असलेल्याच्या नावावर चढते. जो गैरहजर असतो तो बेनाम सुटतो. निरोपात ज्याचं नाव असेल त्याला सोडून बाकी सगळ्यांवर संशय घ्यायचा, हे एकदा पक्कं केलं की मशीनकडून होणारा त्रास निम्म्याने कमी होतो. उरतो तो माणसांचा.

टेस्ट लाल झाल्याची बातमी ऑफिसात कुणी न सांगता पसरते आणि खुर्चीमागे माणसं जमतात. प्रत्येकाचा उपाय ठरलेला. पहिला म्हणतो, ‘‘क्लीन करून रिबिल्ड मार.’’ दुसऱ्याचा क्लीनच्या बटणावर विश्वास नसतो. तो ‘बिन’ आणि ‘ऑब्ज’ हे दोन्ही फोल्डर हाताने उडवायला लावतो. (यात तो बरोबर आहे. ते बटण बरंच काही मागे ठेवतं.) तिसरा व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून उघडायला सांगतो, चौथा मशीनच रीस्टार्ट करायला सांगतो, आणि ते रीस्टार्ट होईपर्यंत चौघंही चहाला जातात. पाचवा मागे थांबतो.

‘‘अच्छा, हे होय? हे मलाही आलं होतं.’’

‘‘मग काय केलंस?’’

‘‘काही नाही. गेलं आपोआप.’’

सहावा या सगळ्यांहून वेगळा. तो खुर्चीपर्यंत येतच नाही. आपल्या जागेवरूनच म्हणतो, ‘‘माझ्या मशीनवर चालतंय.’’ त्याच्या आवाजात बढाई नसते. चालतंय हे खरंच असतं. कधीकाळी, कुठल्याशा जुन्या प्रोजेक्टसाठी त्याने ड्रायव्हरचा इन्स्टॉलर चालवलेला असतो, आणि त्या इन्स्टॉलरने ड्रायव्हर ‘ग्लोबल असेंब्ली कॅश’ नावाच्या मशीनभरच्या सामायिक कोठारात टाकून ठेवलेला असतो. त्यानंतर त्या मशीनवर कुठलाही प्रोजेक्ट आला तरी ड्रायव्हर मिळतो. प्रोजेक्टमध्ये तो नाही हे त्या एका मशीनवर कधीच उघडकीला येत नाही. असं मशीन ज्याच्याकडे असतं त्याला टीममध्ये मान असतो. रिलीजच्या आदल्या दिवशी सगळे त्याच्याकडे जातात.

डॉटनेटमधून डेटाबेसशी बोलायला वापरतात त्या एन्टिटी फ्रेमवर्कची तऱ्हा आणखी निराळी. २०१३ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हरशी बोलणारा भाग एका वेगळ्या डीएलएलमध्ये काढून ठेवला. ती डीएलएल लागते, पण तिचं नाव असतं फक्त कॉन्फिग फाइलमध्ये. आपल्या कोडमध्ये तिला कुणी हाक मारत नाही. आणि कंपायलरचा नियम असा, की कोडमध्ये ज्याचं नाव येतं तेवढ्यांचीच नोंद करायची. ज्याचा वापर दिसत नाही तो रेफरन्स असला तरी नोंदीतून गाळायचा. टेस्टच्या फोल्डरात कुणाकुणाला न्यायचं ते त्या नोंदीवरून ठरतं. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाच्या बसची यादी करताना हेच होतं. आत्या, मावश्या, मामेभाऊ, मामेभावाचा मित्र, फोटोग्राफरचा मदतनीस, सगळ्यांची नावं येतात. भटजींचं कुणी लिहीत नाही, कारण भटजी येणारच, यात लिहायचं काय? बस कार्यालयाच्या दारात लागते, फेटे बांधून होतात, अक्षता वाटून होतात आणि मग आतून कुणीतरी विचारतं.

यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी जो तोडगा काढला तो या धंद्यातल्या व्यवहारज्ञानाचा उत्तम नमुना आहे. कोडमध्ये कुठेतरी एक ओळ लिहायची : एक व्हेरिएबल घ्यायचं आणि त्यात त्या डीएलएलमधल्या ‘एसक्यूएलप्रोव्हायडरसर्व्हिसेस’चा इन्स्टन्स ठेवायचा. बस्स. पुढे त्या व्हेरिएबलचं काही करायचं नाही. ते वाचायचं नाही, छापायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. नाव घेतलं एवढंच. नाव घेतलं की नोंद होते, नोंद झाली की डीएलएल टेस्टच्या फोल्डरात येते आणि टेस्ट हिरव्या होतात.

आता ही ओळ कोड तपासणाऱ्या हत्यारांच्या डोळ्यांत खुपते. ती राखाडी दिसते. ‘हे व्हेरिएबल कुठेही वापरलेलं नाही, काढू का?’ असं एडिटर विचारतो. टीममध्ये नव्याने आलेला, कामसू, स्वच्छतेची आवड असलेला कुणी ती काढतो. टेस्ट पडतात. ओळ परत येते, या वेळी वर कॉमेंट घेऊन : ‘ही ओळ काढू नये.’ पुढचा नवा मुलगा कॉमेंट वाचतो, का काढू नये ते कुठे लिहिलेलं नाही असं बघतो आणि काढतो. पुढची कॉमेंट मोठी होते, मग तिच्यात उद्गारचिन्हं येतात, मग व्हेरिएबलचंच नाव बदलून ‘एन्शुअरडीएलएलइजकॉपीड’ असं ठेवलं जातं. काही प्रोजेक्टांत त्या एका ओळीवरचं भाष्य पानभर झालेलं आहे. प्रोजेक्टची बाकीची माहिती कुठे लिहिलेली नसते. एवढी मात्र असते.

जावावाल्यांनी यावर हसू नये. त्यांच्याकडेही ‘क्लास डॉट फॉरनेम’ ही अशीच ओळ होती : ड्रायव्हरचं नाव अवतरणचिन्हांत घ्यायचं आणि उत्तर कुठेही ठेवायचं नाही. २००६ साली जेडीबीसीच्या चौथ्या आवृत्तीने ती अनावश्यक केली. जार फाइल वाटेत असली की ड्रायव्हर आपणहून हजर होतो. पण अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ती ओळ अजून भेटते आणि व्हायव्हात तिच्यावर प्रश्नही येतो. पायथनमधला जँगो त्या मानाने मोकळ्या स्वभावाचा. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर सापडला नाही की तो सरळ विचारतो, ‘डिड यू इन्स्टॉल मायएसक्यूएलक्लायंट?’ एवढ्या आपुलकीने डॉटनेटने आजवर कुणाला काही विचारलेलं मी पाहिलेलं नाही. त्यातल्या त्यात एनहायबरनेट बोलका. ड्रायव्हर मिळाला नाही तर तो फाइल कुठे ठेवावी, सामायिक कोठारात असेल तर पूर्ण नाव कसं लिहावं, हे सविस्तर सांगतो. निरोप इतका लांब असतो, की कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

यानंतर बत्तीस आणि चौसष्टचा विषय निघतो. हा विषय निघाला की अनुभवी माणसं खुर्ची ओढून बसतात.

ड्रायव्हर बत्तीस बिटांचा असतो किंवा चौसष्ट बिटांचा, आणि बत्तीसच्या प्रोसेसमध्ये चौसष्टचा पाऊल टाकू शकत नाही. उलटही नाही. आपला प्रोग्राम ‘एनी सीपीयू’ म्हणजे कुठेही जमवून घेणारा असतो. तो सर्व्हरवर चौसष्टमध्ये चालतो, ओरॅकलचा चौसष्ट बिटांचा ड्रायव्हर घेतो, सगळं सुरळीत. व्हिज्युअल स्टुडिओ स्वतः मात्र २०२१ सालच्या नोव्हेंबरात २०२२ची आवृत्ती येईपर्यंत बत्तीस बिटांचा होता, आणि जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या टेस्ट तो वेगळं काही सांगितलं नाही तर बत्तीसमध्येच चालवी. तिथे चौसष्टचा ड्रायव्हर आला, की ‘बॅडइमेजफॉरमॅटएक्सेप्शन’. फाइल आहे, तीच आहे, पण स्वरूप चुकीचं. उपाय मेन्यूत चार क्लिकवर आहे : टेस्टसाठी प्रोसेसर कुठला ते निवडायचं. पण त्या मेन्यूपर्यंत पोचायच्या आधी माणूस इतर सगळीकडे जाऊन येतो.

इतर सगळीकडे म्हणजे कुठे, तर विंडोजच्या पोटात. तिथे ‘सिस्टिम३२’ नावाचा फोल्डर आहे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये त्यात चौसष्ट बिटांच्या फाइली असतात. बत्तीस बिटांच्या फाइली ‘सिसवॉव६४’ या फोल्डरात असतात. मी उलटं लिहिलेलं नाही. हे असंच आहे. जुन्या प्रोग्रामांनी ‘सिस्टिम३२’ हे नाव जागोजागी पक्कं लिहून ठेवलं होतं, म्हणून नाव तसंच राहिलं आणि आतली माणसं बदलली. बरं, बत्तीस बिटांच्या प्रोग्रामने ‘सिस्टिम३२’ मागितला तर विंडोज त्याला काही न बोलता ‘सिसवॉव६४’मध्ये नेऊन सोडतं. त्याला वाटतं आपण जिथे आलो ते तेच. ओडीबीसीच्या ड्रायव्हरांची व्यवस्था बघणारा ‘ओडीबीसीएडी३२’ नावाचा प्रोग्राम दोन्ही फोल्डरांत आहे, नाव एकच. एकात चौसष्टचे ड्रायव्हर दिसतात, एकात बत्तीसचे, आणि दोघांच्याही नावात बत्तीस. यातल्या एकात बसवलेला ड्रायव्हर दुसऱ्यात शोधत अख्खी दुपार घालवलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यांना ‘काय शिकलात’ असं विचारू नये.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा प्रकार तर याच्यापुढचा. जुना जेट ड्रायव्हर फक्त बत्तीसमध्ये मिळतो. नवा एस दोन्हींत मिळतो, पण मशीनवर ऑफिस बत्तीस बिटांचं असेल तर चौसष्टचा एस बसवून घ्यायला इन्स्टॉलर नकार देतो; आधी ऑफिस काढा म्हणतो. टेस्ट हिरव्या करायच्या तर एक्सेल उडवायचं, आणि टेस्ट करण्यात गेलेल्या तासांची टाइमशीट भरायची ती एक्सेलमध्ये.

तोवर कुणीतरी जाणता आठवण करून देतो, की डॉटनेटकडे या शोधाची नोंदवही असते. फ्यूजन लॉग. कुठली डीएलएल कुठे कुठे शोधली, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. ही नोंदवही मुळात बंद असते. ती बंद आहे हे निरोपातच लिहिलेलं असतं, रजिस्ट्रीत कुठे जाऊन कुठला आकडा एक केला की ती सुरू होईल तेही असतं, आणि सुरू केलीत तर वेग थोडा कमी होईल अशी समजही दिलेली असते. पण रजिस्ट्रीत हात घालायला ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि मोठ्या कंपनीत ते प्रोग्रामरला नसतात. म्हणून हेल्पडेस्कला तिकीट टाकायचं. तिकिटाच्या यादीत माउस, कीबोर्ड, पासवर्ड, प्रिंटर आणि ‘इतर’ असे प्रकार असतात. ‘इतर’ निवडलं की कारण विचारतात. कारण लिहिलं की मॅनेजरची मंजुरी मागतात. मॅनेजर विचारतो, ‘‘याचा क्लायंटला काय फायदा?’’ हेल्पडेस्कचा मुलगा शेवटी येतो, आकडा एक करतो आणि मशीन रीस्टार्ट करतो.

मग मात्र ती नोंद वाचायला मजा येते. डॉटनेट प्रामाणिकपणे हिंडलेलं असतं. आधी फोल्डरात त्या नावाची डीएलएल, मग त्याच नावाच्या पोटफोल्डरात डीएलएल, तिथेही नाही म्हटल्यावर त्या नावाची ईएक्सई, मग पोटफोल्डरातली ईएक्सई. ड्रायव्हर कधी ईएक्सई म्हणून भेटेल अशी आशा कुणी ठेवत नाही, पण ते बघून येतं. कधी कधी फाइल सापडलेलीही असते आणि तरी परत पाठवलेली असते, कारण हवी होती एक आवृत्ती आणि आली दुसरी. यासाठी मूळ प्रोग्रामच्या वेब कॉन्फिगमध्ये ‘जुनी मागितली तर नवी चालेल’ अशी सोय केलेली असते. पण टेस्ट वेब कॉन्फिग वाचत नाहीत. त्यांना त्यांची स्वतःची कॉन्फिग लागते, आणि ती कुणी लिहिलेली नसते. सगळ्या घोटाळ्याचं मूळ इतकं साधं निघाल्यावर खुर्चीमागची गर्दी जराशी हिरमुसते.

याच सुमारास टीममधल्या तत्त्वज्ञांना वाचा फुटते. हे गृहस्थ एरवी टेस्ट लिहीत नाहीत. ‘‘मुळात,’’ ते म्हणतात, ‘‘ही युनिट टेस्टच नाही.’’ त्यांच्याकडे आधार आहे. मायकल फेदर्स यांनी २००५ साली नियम लिहून ठेवले : जी डेटाबेसशी बोलते, नेटवर्कवर जाते, फाइलींना हात लावते, इतर टेस्टबरोबर एकाच वेळी चालू शकत नाही किंवा जिच्यासाठी कॉन्फिग फाइलींची वेगळी मशागत करावी लागते, ती युनिट टेस्ट नव्हे. नियम रास्त आहेत, आणि मला ते मनापासून पटतात. पण बिल्ड लाल असताना ते ऐकवणाऱ्याविषयी फेदर्स यांनी काही लिहिलेलं नाही. तत्त्वज्ञांचं ऐकून डेटाबेसच्या जागी लटका डेटाबेस उभा केला, की ड्रायव्हर लागत नाही, टेस्ट क्षणात हिरव्या होतात आणि टेबलाचं नाव चुकलेलं असलं तरी हिरव्याच राहतात. दुसरा मार्ग टेस्टच्या डोक्यावर ‘इग्नोर’ लिहिण्याचा. मग ती लालही होत नाही, हिरवीही नाही, पिवळी होते. क्लायंटला जाणाऱ्या स्लाइडवर पिवळ्याचा रकाना नसतो.

नवी पिढी म्हणते, हे सगळं जुन्या डॉटनेटचं रडगाणं. २०१६मध्ये डॉटनेट कोअर आलं, सामायिक कोठार गेलं, वेब कॉन्फिगमधल्या त्या सोयीही गेल्या. बरोबर आहे. आता सी भाषेतल्या फाइली ‘रनटाइम्स’ नावाच्या फोल्डरात प्रत्येक प्रकारच्या मशीनसाठी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, आणि बिल्ड सर्व्हरही विंडोजचा जाऊन लिनक्सचा आला आहे. तिथे ड्रायव्हर मिळाला नाही तर निरोप येतो, ‘अनेबल टु लोड शेअर्ड लायब्ररी’, आणि पुढे तेच जुनं शेपूट, ‘ऑर वन ऑफ इट्स डिपेन्डन्सीज’. फक्त अधिक माहिती हवी असल्यास एलडी डीबग सुरू करून पाहावं, असा एक सल्ला वाढला आहे. तो सुरू केला, की इतकी माहिती येते की आधीचं अज्ञान बरं वाटू लागतं.

बिल्ड सर्व्हरची खरी खोड वेगळीच आहे. बिल्ड फुटला, की शेवटचा बदल ज्याच्या नावावर असेल त्याला तो मेल पाठवतो आणि प्रत सगळ्या टीमला देतो. गणपतीच्या दिवसांत हे बघावं. निम्मी टीम कोकणात गेलेली असते. ‘माझ्या मशीनवर चालतंय’वाल्यांनी निघता निघता ड्रायव्हरची आवृत्ती वाढवून चेक-इन केलेलं असतं, बिल्ड सर्व्हर त्या संध्याकाळी देखभालीसाठी बंद असतो, आणि दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो तेव्हा शेवटचा बदल असतो टीममध्ये नव्याने लागलेल्या मुलीचा. तिने एका बटणावरचं स्पेलिंग सुधारलेलं असतं. टेस्ट सगळ्या लाल, आणि मेलमध्ये ठळक अक्षरांत तिचं नाव. ती बिचारी स्पेलिंग परत चुकवून बघते. लाल ते लालच. मग बराच वेळ कणकवलीला फोन लावत राहते. तिकडे आरती चालू असते.

‘‘दादा, तू जाताना ड्रायव्हर बदललास का?’’

‘‘हो, नवीन घेतला. का गं? माझ्या मशीनवर चालतंय.’’

‘‘तेच कसं चालतंय ते बघायचंय. मशीन कुठंय तुझं?’’

‘‘ऑफिसातच. ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलंय.’’

‘‘आणि किल्ली?’’

‘‘तिची काळजी नको करूस,’’ तो टाळांच्या वरताण ओरडून सांगतो. ‘‘किल्ली इथे माझ्याजवळ अगदी व्यवस्थित आहे.’’